फुप्फुसाची जीवोतक परीक्षा : क्षीण श्वसनक्षमता असलेल्या रोग्यांत

फुप्फुसाची जीवोतक परीक्षा : जिवंत शरीरातील ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहाचा) लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची तपासणी करण्याच्या पद्धतीला जीवोतक परीक्षा म्हणतात. फुप्फुसात आढळणाऱ्या विकृतिस्थलाचे (गाठ, छाया किंवा घट्ट झालेला भाग यांचे) स्वरूप निश्चित करण्यासाठी ही परीक्षा करतात. कर्करोग, क्षयरोग, कवकसंसर्ग, जुना व्रण व साधे अर्बुद (नव्या कोशिकांच्या वाढीमुळे निर्माण झालेली निरुपद्रवी गाठ) या सर्वांची क्ष-किरण चित्रातील छाया पुष्कळदा सारखीच दिसते. त्यांचे उपचार मात्र सर्वस्वी भिन्न असतात. म्हणून ऊतकाचा पुरावा महत्त्वाचा ठरतो.

ज्या रोग्यांना हा पुरावा सर्वांत जास्त लागतो, त्यांच्यातच तो मिळविणे सर्वांत धोक्याचे असते, ही या विषयातील मूळ अडचण होय. दीर्घकालीन धूम्रपानामुळे कर्करोग व वातस्फीती (वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन फुप्फुस फुगून राहण्याची विकृती) हे दोन्ही विकार होतात आणि ते एकाच रोग्यात आढळणे नेहमीचे आहे. निरोगी माणसास ज्या उपद्रवामुळे एखादा दिवस रुग्णालयात राहावे लागते, तोच उपद्रव श्वसनक्षमता क्षीण झालेल्या रोग्यास प्राणघातक ठरू शकतो. अशा रोग्यांत परीक्षा करावी की नाही, केल्यास शरीराच्या कोणत्या जागेतून, कोणत्या मार्गाने व कोणत्या तयारीनिशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

इतिहास : छातीच्या भिंतीतून सुई घालून फुप्फुसातील द्रव्य काढण्याचा प्रयोग जर्मन वैद्य लायडेन यांनी १८८३ मध्ये फुप्फुसशोथाचे (न्यूमोनियाचे) कारण शोधण्यासाठी केला. फ्रेंच वैद्य मेनेत्रिए यांनी १८८६ मध्ये याच मार्गाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान केले. १८९७ मध्ये गुस्टाफ किलियान यांनी जर्मनीतील फ्रायबुर्क येथे एका शेतकऱ्याच्या श्वसनीत (श्वासनालाच्या शाखेत) अडकलेला हाडाचा तुकडा ताठ नळीतून काढला व श्वसनीदर्शनाचा पाया घातला. स्वीडिश वैद्य याकोबेउस यांनी १९१० मध्ये दर्शक नळीने परिफुप्फुस गुहेची (फुप्फुसाच्या दुहेरी आवरणामधील पोकळीची) पाहणी केली. छातीच्या मध्यावकाशातील लसीका ग्रंथी मानेच्या तळाशी छेद घेऊन तपासण्याची पद्धत कार्लेन्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये डालग्रेन व नूर्डेनस्ट्रम यांनी क्ष-किरण पडद्यावर पाहत बारीक सुईने कोशिका काढण्याचे तंत्र विकसित केले. जपानी वैद्य शिगेतो इकेदा यांनी १९६६ मध्ये प्रकाशवाहक तंतूंचा लवचिक श्वसनीदर्शक सादर केला. त्यामुळे संपूर्ण शुद्धिहरण न करता श्वसनींच्या दूरच्या शाखांपर्यंत पोहोचणे शक्य झाले. सीटी स्कॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय छेदचित्रणाचा सुईस दिशा देण्यासाठी उपयोग १९७६ पासून होऊ लागला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी श्वसनीदर्शकाच्या टोकाशी श्राव्यातीत (मानवी श्रवणमर्यादेपलीकडील) ध्वनितरंगांचे साधन बसविण्यात आले आणि २०१८ पासून यंत्रमानवचलित श्वसनीदर्शक अमेरिकेत वापरात आले. या सर्व सुधारणांचा रोख एकच आहे : निरोगी फुप्फुस कमीत कमी भेदून विकृतिस्थलापर्यंत पोहोचणे.

श्वसनक्षमतेचे मापन : इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वसनमापकाचे वर्णन करून दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या श्वसनाची मापे प्रसिद्ध केली. आज निर्णयासाठी मुख्यतः जे माप वापरतात ते म्हणजे दीर्घ श्वास घेऊन तो शक्य तितक्या जोराने सोडला असता पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे आकारमान. यास येथे ‘एक-सेकंद उच्छ्वसन’ असे म्हटले आहे. वय, उंची व लिंग यांवरून अपेक्षित असलेल्या मूल्याशी त्याची तुलना करतात. श्वसनमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन विकारात हे माप अपेक्षित मूल्याच्या ५० टक्क्यांखाली गेल्यास विकार तीव्र व ३० टक्क्यांखाली गेल्यास अतितीव्र समजतात.

हे एकच माप पुरेसे नसते. फुप्फुसाच्या तंतुमयतेत (ऊतक कठीण व तंतुमय होण्याच्या विकृतीत) उच्छ्वसनाचा वेग चांगला राहूनही ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. तेथे वायूंच्या विसरणक्षमतेचे मापन अधिक बोलके असते. रोहिणीतील रक्ताच्या तपासणीने ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण कळते. कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला असल्यास श्वसनाचे स्नायू आधीच थकलेले आहेत, असे समजावे. फुप्फुस रोहिण्यांतील रक्तदाब वाढला आहे काय हे हृदयाच्या श्राव्यातीत चित्रणाने पाहतात. रोगी सपाट झोपू शकतो काय, काही सेकंद श्वास रोखू शकतो काय व खोकला आवरू शकतो काय, हे साधे प्रश्नही यंत्राच्या मापांइतकेच महत्त्वाचे आहेत.

याशिवाय दोन्ही फुप्फुसांच्या कार्यात वाटणी कशी आहे, हे जाणणे अगत्याचे असते. भारतात क्षयरोगाने एक फुप्फुस जवळजवळ नष्ट झालेले व दुसऱ्यावरच जीवन अवलंबून असलेले रोगी विरळ नाहीत. अशा रोग्यात नवी गाठ नष्ट झालेल्या बाजूस असेल, तर तेथील उपद्रव बहुधा सहन होतो. ती चांगल्या बाजूस असेल, तर सुई ज्या फुप्फुसात जावयाची, तेच रोग्याचे एकमेव कार्यक्षम फुप्फुस असते. एक-सेकंद उच्छ्वसन दोघांतही सारखे असले, तरी धोका सारखा नसतो. दोन्ही फुप्फुसांची परीक्षा एकाच वेळी कधीही करू नये.

धोक्याची कारणमीमांसा : या परीक्षेचे मुख्य उपद्रव तीन होत. (१) वातवक्ष : फुप्फुसाचे आवरण भेदले गेल्याने परिफुप्फुस गुहेत हवा शिरून फुप्फुस आकसते, यास वातवक्ष म्हणतात. निरोगी फुप्फुस स्थितिस्थापक असते; ते आकसताच छिद्र मिटते व गळती थांबते. शिवाय एका निरोगी फुप्फुसावर विश्रांत अवस्थेतील माणूस तग धरू शकतो. वातस्फीतीत फुप्फुसाची स्थितिस्थापकता नष्ट झालेली असते व उच्छ्वासाच्या वेळी त्यात हवा कोंडते. त्यामुळे छिद्र उघडे राहते, गळती लांबते आणि मुळातच अपुऱ्या असलेल्या क्षमतेत आणखी घट होते. गुहेतील हवेचा दाब वाढत गेल्यास हृदयाकडे परतणाऱ्या रक्तास अडथळा येऊन काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो.

(२) रक्तस्राव : येथे किती रक्त गेले यापेक्षा ते कोठे गेले, याला महत्त्व असते. श्वासनाल व मोठ्या श्वसनी यांची एकूण पोकळी केवळ सु. १५० मिलि. असते. इतर ठिकाणी क्षुल्लक वाटेल इतके रक्त येथे श्वसनमार्ग भरून टाकण्यास पुरे होते. खोकल्याचा जोर कमी झालेल्या रोग्यास ते बाहेर टाकता येत नाही. फुप्फुस रोहिण्यांतील रक्तदाब वाढलेला असल्यास स्राव अधिक होतो.

(३) श्वसनाचा ऱ्हास : शामक औषधांमुळे श्वसनाची प्रेरणा मंदावते. श्वसनीदर्शक श्वासमार्गाचा काही भाग व्यापतो व ऑक्सिजनाचे प्रमाण घटते. सुई अथवा दर्शक यांपासून प्रत्यक्ष इजा न होताही रोगी यामुळे अत्यवस्थ होऊ शकतो. वायु-अंतर्कीलन (सुईवाटे फुप्फुस नीलेत शिरलेली हवा मेंदू वा हृदय यांच्या रोहिणीत अडकणे) हा चौथा उपद्रव अत्यंत विरळ, पण भयंकर असतो.

परीक्षेची आवश्यकता : पहिला प्रश्न परीक्षा कशी करावी हा नसून, तिच्या निष्कर्षाने उपचार बदलणार आहे काय, हा असतो. रोगी इतका दुर्बल असेल की कर्करोग सिद्ध होऊनही शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा अथवा औषधे यांपैकी काहीच देता येणार नाही, किंवा रोग्यासच ते नको असेल, तर परीक्षेने केवळ धोका पदरी पडतो. पूर्वीची क्ष-किरण चित्रे मिळविणे हा सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय होय. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच घन गाठ त्याच आकारमानाची असेल, तर ती निरुपद्रवी असण्याचा संभव मोठा असतो. ८ मिमी. पेक्षा लहान गाठी सामान्यतः ठराविक काळाने पुन्हा चित्र घेऊन पाहतात. काही विकृतिस्थले सुईने भेदणेच निषिद्ध असते : रोहिणी व नीला यांच्या विकृत जोडणीमुळे झालेली गाठ भेदल्यास प्राणघातक रक्तस्राव होतो व पट्टकृमीमुळे झालेली द्रवार्बुदे भेदल्यास तीव्र अधिहृषतेची (ॲलर्जीची) प्रतिक्रिया उद्‌भवू शकते. रोहिणीत रंजक द्रव्य दिसेल अशा सीटी चित्रणाने हे आधीच ओळखता येते.

भारतात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. जगातील क्षयरोग्यांची सर्वांत मोठी संख्या या देशात असल्याने फुप्फुसातील प्रत्येक छाया प्रथम क्षयाचीच मानण्याची प्रवृत्ती आढळते. ऊतकाची तपासणी धोक्याची म्हणून टाळली जाते व क्षयावरील औषधे महिनोगणती दिली जातात. दरम्यान कर्करोग उपचारापलीकडे जातो. उलट, क्षयाची गाठ कर्करोग समजून छाती उघडल्याचीही उदाहरणे होतात. स्वयंपाकघरातील चुलीच्या धुराने श्वसनक्षमता गमावलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रिया या रोग्यांत पुष्कळ असतात. म्हणून ‘धोका आहे, तेव्हा परीक्षा नको’ हा निर्णयही निर्धोक नसतो. परीक्षा न करण्याने होणारी हानी तागडीच्या दुसऱ्या पारड्यात घातली पाहिजे.

जागेची निवड : ज्या जागेतून ऊतक काढल्यास निदान होईल व फुप्फुसास कमीत कमी इजा पोहोचेल ती जागा प्रथम निवडावी, हे या विषयातील मुख्य सूत्र होय. कर्करोगाचा संशय असल्यास रोग जेथवर पसरला असण्याचा संभव आहे ती सर्वांत दूरची जागा तपासावी. त्यामुळे निदान व रोगाची पायरी ही दोन्ही एकाच परीक्षेत कळतात. प्रथम थुंकीची तपासणी करावी. क्षयजंतूंसाठी सूक्ष्मदर्शकीय तपासणी, जनुकीय तपासणी व संवर्धन ही तिन्ही करता येतात आणि मोठ्या श्वसनीतील कर्करोगाच्या कोशिकाही थुंकीत सापडू शकतात. गळ्याच्या हाडावरील खोबणीत लसीका ग्रंथी हातास लागत नसल्या, तरी श्राव्यातीत चित्रणात दिसू शकतात. तेथे बारीक सुई घालण्याने फुप्फुसास धक्काही लागत नाही. परिफुप्फुस गुहेत द्रव असल्यास तो काढल्याने निदान होते व श्वासही मोकळा होतो. यकृत, अधिवृक्क ग्रंथी, त्वचा व हाडे येथील दुय्यम गाठी याच विचाराने शोधतात. त्यासाठी संपूर्ण शरीराचे पॉझिट्रॉन चित्रण उपयुक्त ठरते. मात्र क्षयाच्या गाठीही त्यात तेजस्वी दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

अर्बुदातून रक्तात सुटलेल्या जनुकद्रव्याची तपासणीही आता करता येते. या प्रकारच्या एका रक्तपरीक्षेस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये प्रथम मान्यता दिली. तिच्यात विशिष्ट जनुकबदल आढळल्यास त्यावरील औषधाची निवड करता येते. परंतु तो न आढळल्याने कर्करोग नाही, असे सिद्ध होत नाही.

श्वसनीमार्गे परीक्षा : मोठ्या श्वसनीत दिसणाऱ्या गाठीचा तुकडा लवचिक श्वसनीदर्शकातून चिमट्याने काढतात. परिफुप्फुस भेदले जात नसल्याने यात वातवक्ष क्वचितच होतो. मध्यावकाशातील लसीका ग्रंथी श्राव्यातीत साधनाने पाहत श्वसनीच्या भिंतीतून सुई घालून तपासतात. या पद्धतीतील उपद्रवांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे. हाच दर्शक अन्ननलिकेतून घालून मध्यावकाशाच्या मागील व खालील ग्रंथी आणि पुष्कळदा डावी अधिवृक्क ग्रंथी गाठता येते. या मार्गात श्वासमार्ग मोकळा राहतो व खोकला कमी येतो. म्हणून अतिदुर्बल रोग्यात तो विशेष सोयीचा असतो.

फुप्फुसाच्या परिघाकडील गाठीसाठी श्वसनीच्या लहान शाखेत फिरते श्राव्यातीत साधन घालून गाठ ओळखतात व तेथून तुकडे घेतात. यात सु. ७० टक्के रोग्यांत निदान होते व वातवक्ष सु. एक टक्का रोग्यांत होतो. सीटी चित्रांवरून मार्गाचा नकाशा तयार करून दर्शकाचे टोक त्यानुसार नेण्याची मार्गदर्शित पद्धतही उपलब्ध आहे. १० ते ३० मिमी. आकाराच्या गाठींवर अमेरिकेतील सात केंद्रांत या पद्धतीची व छातीतून सुई घालण्याच्या पद्धतीची तुलना करण्यात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार अचूक निदानाचे प्रमाण अनुक्रमे ७९ व ७३.६ टक्के होते. वातवक्षाचे प्रमाण मात्र ३.३ व २८.३ टक्के असे भिन्न होते. निदानाची शक्यता जवळपास सारखी असताना वातवक्षात इतका फरक पडत असल्याने क्षीण श्वसनक्षमतेच्या रोग्यात, साधने व अनुभव उपलब्ध असल्यास, श्वसनीमार्ग प्रथम विचारात घेणे योग्य ठरते. गाठीकडे जाणारी श्वसनी सीटी चित्रात स्पष्ट दिसत असेल, तर यशाची शक्यता वाढते. अतिशीत शलाकेने ऊतक गोठवून मोठा तुकडा काढण्याच्या पद्धतीत वातवक्ष व रक्तस्राव यांचे प्रमाण बरेच अधिक असल्याने या रोग्यांत ती सहसा टाळतात.

छातीच्या भिंतीतून सुईने परीक्षा : गाठ छातीच्या भिंतीस टेकलेली असेल, तर श्राव्यातीत चित्रणात पाहत सुई थेट गाठीत घालता येते. मध्ये हवायुक्त फुप्फुस येत नसल्याने वातवक्षाची शक्यता अल्प असते आणि रोग्यास बसलेल्या स्थितीतही परीक्षा करता येते. सपाट झोपता न येणाऱ्यास हा मोठाच लाभ आहे. गाठ खोल असल्यास सीटी चित्रणाचे मार्गदर्शन लागते. या पद्धतीत निदानाचे प्रमाण चांगले असले, तरी वातवक्ष सु. १५ ते २५ टक्के रोग्यांत होतो व सु. ६ टक्क्यांत निचरा नळी घालावी लागते. वातस्फीती, लहान व खोल गाठ, फुप्फुसाच्या खंडांमधील फट ओलांडणारा मार्ग व परिफुप्फुसाचे अनेक वेध यांमुळे धोका वाढतो. एक-सेकंद उच्छ्वसन अपेक्षित मूल्याच्या ३५ टक्क्यांहून कमी असल्यास विविध शाखांच्या तज्ञांनी एकत्र विचार केल्याशिवाय ही परीक्षा करू नये, असे ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००३ मधील मार्गदर्शक सूत्रांत सांगितले आहे. ही मर्यादा पूर्ण निषेध दर्शवीत नाही. एकट्या वैद्याने घाईने निर्णय घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

धोका कमी करणारी तंत्रे साधी आहेत. मार्ग आखताना हवेने फुगलेले फोड, खंडांमधील फटी व मोठ्या रक्तवाहिन्या टाळतात. एक बाह्य सुई गाठीच्या कडेपर्यंत नेऊन तिच्यातूनच आतील सुई वारंवार घालतात. त्यामुळे तुकडे अनेक घेतले, तरी परिफुप्फुसाचा वेध एकच होतो. दीर्घ श्वास रोखावयास न लावता शांत श्वसनाच्या एकाच टप्प्यावर सुई पुढे सरकवितात. सुईचे बाह्य तोंड क्षणभरही उघडे ठेवीत नाहीत; हवा आत शोषली जाण्याची भीती त्यामुळे टळते. सुई काढताना तिच्या मार्गात रोग्याचेच थोडे रक्त सोडल्यास ते गोठून छिद्र बुजते. नंतर रोग्यास लगेच वेधाची जागा खाली येईल असे वळवितात. फुप्फुसाच्या भाराने छिद्र दाबले जाते. कोशिका तपासणारा तज्ञ जवळ असून त्याने नमुना तत्काळ पाहिल्यास पुरेसे ऊतक मिळताच थांबता येते.

शस्त्रक्रियेने परीक्षा : दर्शक नळीच्या साहाय्याने छातीतील मोठा तुकडा काढण्यासाठी सामान्यतः पूर्ण शुद्धिहरण करून एका फुप्फुसाचे श्वसन थांबवावे लागते. दुर्बल रोग्यास हेच सोसत नाही. फुप्फुसाच्या विस्तृत तंतुमयतेसाठी केलेल्या शस्त्रक्रियात्मक परीक्षांच्या अमेरिकेतील २०००–११ या काळातील पाहणीत नियोजित शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण १.७ टक्के, तर तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर १६ टक्के आढळले. विस्तृत विकारांत सूक्ष्म सीटी चित्रण वैशिष्ट्यपूर्ण असल्यास ऊतक न काढताच निदान स्वीकारतात. परिफुप्फुसाची परीक्षा मात्र स्थानिक बधिरीकरणाने दर्शक नळीतून करता येते.

पूर्वतयारी : परीक्षा शक्यतो तातडीने न करता रोगी त्याच्या सर्वोत्तम अवस्थेत असताना करावी. श्वसनीविस्फारक औषधांची मात्रा नीट बसवावी व परीक्षेपूर्वी ती पुन्हा द्यावी. श्वसनमार्गात संसर्ग असल्यास प्रथम त्यावर उपचार करून काही आठवडे थांबावे. धूम्रपान बंद करावयास लावावे. बिंबाणूंची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्या घन मिमी.मागे एक लाखाहून कमी असल्यास किंवा रक्तक्लथनास (रक्त गोठण्यास) विलंब होत असल्यास आधी त्याची व्यवस्था करतात. क्लोपिडोग्रेल व वॉर्फारिन यांसारखी औषधे सामान्यतः पाच ते सात दिवस आधी थांबवितात. परंतु हृदयात अलीकडे जाळीनलिका बसविलेली असल्यास हृदयतज्ञाच्या सल्ल्याशिवाय ती थांबवू नयेत.

शामक औषधे शक्य तितकी कमी द्यावी व स्थानिक बधिरीकरणावर भर द्यावा. बधिरीकरणाच्या औषधाची एकूण मात्रा मोजून ठेवावी लागते. अतिमात्रेने झटके येतात व हृदयाची लय बिघडते. कार्बन डाय-ऑक्साइड साठलेल्या रोग्यात ऑक्सिजनाची संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच ऑक्सिजन द्यावा. नाकावाटे उच्च प्रवाहाने ऑक्सिजन देऊन किंवा मुखवट्याद्वारे श्वसनास आधार देऊन पूर्वी अपात्र ठरणाऱ्या काही रोग्यांची श्वसनीदर्शन परीक्षा आता करता येते. यंत्राने दाबाखाली श्वसन चालू असता सुईने परीक्षा केल्यास वातवक्ष झपाट्याने वाढतो, याची जाणीव ठेवावी.

रोग्यास व त्याच्या नातेवाइकांस धोक्याची कल्पना सर्वसाधारण आकड्यांवरून देणे पुरेसे नाही. वातवक्ष झाल्यास या विशिष्ट रोग्याचे काय होईल, कृत्रिम श्वसनाची वेळ आल्यास ते त्यास हवे आहे काय आणि परीक्षेस नकार दिल्यास कोणते मार्ग उरतात, हे स्पष्ट बोलले गेले पाहिजे. हे संभाषण परीक्षेच्या टेबलावर नव्हे, तर आधीच्या दिवशी व्हावे.

नंतरची देखरेख : निचरा नळी, ती घालू शकणारा वैद्य व ऑक्सिजन यांची सिद्धता असल्याशिवाय अशा रोग्याची परीक्षा सुरूच करू नये. बहुतेक वातवक्ष पहिल्या तासात दिसून येतात, तरी काही उशिरा प्रगट होतात. म्हणून एका तासाने व पुन्हा काही तासांनी क्ष-किरण चित्र किंवा श्राव्यातीत चित्रण करतात. क्षीण श्वसनक्षमतेच्या रोग्यास त्याच दिवशी घरी न पाठविता रात्रभर रुग्णालयात ठेवणे हितावह असते. लहान वातवक्षावर निरोगी माणसात केवळ लक्ष ठेवतात. येथे मात्र दम वाढताच बारीक निचरा नळी घालावी. हाइमलिक यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेली एकदिश झडप नळीस जोडल्यास रोगी हिंडूफिरू शकतो. दाब वाढून रोगी कोसळत असल्यास क्ष-किरण चित्राची वाट न पाहता सुईने हवा बाहेर काढावी.

श्वसनमार्गात रक्तस्राव झाल्यास रक्तस्रावाची बाजू खाली येईल असे रोग्यास त्वरित वळवितात. त्यामुळे दुसरे फुप्फुस रक्ताने भरत नाही. श्वसनीदर्शकाने रक्त शोषून घेतात व आवश्यक तर त्या श्वसनीत फुगा फुगवून ती बंद करतात. घरी जाताना छातीत अचानक दुखणे, दम वाढणे किंवा रक्त पडणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ परत येण्यास सांगावे. वातवक्ष पूर्णपणे नाहीसा होईपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो.

नमुन्याची व्यवस्था व निष्कर्ष : एवढा धोका पत्करून मिळविलेल्या ऊतकाचा पुरेपूर उपयोग झाला पाहिजे. सर्व तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकल्यास त्यांतील जंतू मरतात व क्षयजंतूंचे संवर्धन अशक्य होते. म्हणून काही भाग निर्जंतुक लवणजलात वेगळा ठेवून संवर्धन व जनुकीय तपासणीसाठी पाठवावा. कर्करोग असल्यास त्याचा उपप्रकार व औषधनिवडीस उपयुक्त असे जनुकबदल यांसाठीही ऊतक उरावे लागते. अन्यथा तीच धोक्याची परीक्षा पुन्हा करावी लागते.

‘विशिष्ट काही आढळले नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा होत नाही. सुई गाठीच्या कडेस लागली असेल किंवा कर्करोगाभोवतीचा शोथच हाती आला असेल. क्षयासारख्या कणार्बुदांचे (विशिष्ट कोशिकांच्या सूक्ष्म पुंजक्यांचे) दर्शनही कर्करोगाच्या शेजारी होऊ शकते. चित्रणावरील संशय व ऊतकाचा निष्कर्ष जुळत नसतील, तर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र घ्यावे अथवा दुसऱ्या मार्गाने परीक्षा करावी.

ऊतकाविना उपचार : कोणताही मार्ग सुरक्षित नसल्यास, गाठ क्रमशः वाढत असल्यास व चित्रणावरून कर्करोगाची शक्यता फार मोठी असल्यास, तज्ञांच्या एकत्रित निर्णयाने ऊतकाच्या पुराव्याविना अचूक केंद्रित प्रारण चिकित्सा देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. प्रारंभिक अवस्थेतील लहान गाठीस ती पुष्कळदा पुरेशी होते व श्वसनक्षमतेवर तिचा भार मर्यादित असतो. परंतु या पद्धतीचा आधार असलेले संभाव्यतेचे हिशोब क्षयरोग विरळ असलेल्या प्रदेशांतील आहेत. भारतासारख्या देशात तशीच दिसणारी गाठ क्षयाची असण्याची शक्यता कितीतरी अधिक असल्याने ते हिशोब जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे असा निर्णय घेण्यापूर्वी थुंकी, लसीका ग्रंथी व श्वसनीमार्ग यांतून मिळू शकणारा पुरावा शोधून संपविणे आवश्यक असते. श्वसनक्षमता क्षीण आहे एवढ्याच कारणाने रोग्यास निदानापासून वंचित ठेवू नये आणि निदानाच्या आग्रहापायी त्याचा उरलेला श्वासही पणास लावू नये, या दोन मर्यादांमध्ये प्रत्येक रोग्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.